म्हाताऱ्याचं नाव

प्रिय नुरझात,

हे पत्र शेजारची गुलझीना लिहितेय. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, अक्कल दिसली तर माझी. फोनवर मी तुला सगळं ठीक आहे म्हणते, कारण तुझा आजोबा शेजारीच बसलेला असतो. ठीक नाहीये, पोरी. तो विसरत चाललाय.

या हिवाळ्यात आम्हाला कोळशाचा वायू लागला, तुझं लेकरू तिलेक शुद्धीवर येईना, एवढं तुला ठाऊक आहे. पोराला ऊब राहावी म्हणून म्हाताऱ्याने धुराड्याची झडप लवकर लोटली होती. कोळशावर अजून निळी ज्योत नाचत होती. सकाळी गुलझीना दूध घेऊन आली म्हणून वाचलो. दवाखान्यात तिलेकला दाबाच्या टाकीत ठेवलं. आत नुसता प्राणवायू, रक्तातलं विष हुसकायला. पोर एकटं राहीना म्हणून मलाही त्याच्याशेजारी निजवलं. थडग्याएवढीच जागा, पण थडग्याला काच नसते. कानांत दडे बसले. तिलेक भोकाड पसरून रडला, आणि मला इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

मग म्हाताऱ्याची पाळी. आत लोकरीचं काही चालत नाही, टोपी काढा, असं डॉक्टरीण म्हणाली. “कल्पाक परक्याच्या हाती दिला की पुरुषाचं डोकं जातं, पोरी. आणि मी काय लोणचं आहे, बरणीत भरायला?” नर्सा हसल्या, मीही हसले. डॉक्टरीण हसली नाही. आज बरं वाटलं तरी हे विष पुढे डोक्यात उतरतं, म्हणाली. तो टाकीत न निजताच आपल्या पायांनी घरी आला, घोड्याला वैरणसुद्धा घातली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्याने खोगीर उलटं चढवलं. मी खूप चिडवलं. मग एकदा अंगणात उभा राहून तो आपलंच घर शोधू लागला, तेव्हापासून चिडवणं बंद. पुन्हा नेलं. या वेळी मुकाट्याने टोपी काढून टाकीत निजला, पण फार उशीर झाला होता.

डॉक्टरीण म्हणते, त्याला नावाने हाक मारत जा. आपल्यात बाईने नवऱ्याचं नाव घेतलंय कधी? मी ‘ऐकलंत का’वर अख्खा संसार केला. काल घेतलं. “सुयुनबेक,” म्हटलं, आणि या वयात नव्या नवरीसारखी लाजले. त्याने दाराकडे पाहिलं. म्हणाला, “त्याला बाहेर का उभं केलंय? आत बोलाव, चहा दे.” तुझं नाव मात्र त्याला अजून येतं. नुरझातची शाळा सुटली का, म्हणून रोज विचारतो. मॉस्कोतलं काम सोडून ये, असं मी कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणते. त्याचं विचारणं थांबायच्या आत ये.

तुझीच,
अनारकान आजी