सतरा नंबरचा तुकडा

प्रिय ठमे,

सोमवारी तुझ्या सरांचा फोन आला होता. तू राजीनामा लिहून दिलायस, शुक्रवारी त्यावर सह्या होणार, तोवर मी तुला समजवावं असं म्हणाले. मी काय समजावणार? सातवी शिकलेली बाई मी. त्यांनी तुझा नवा शोधनिबंध पाठवला, म्हणाले, बघा ती काय सोडून चाललीय. दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. पहिलं पान लागायलाच अख्खी दुपार गेली.

बाकी घरी ठीक. बाबांचं शिलाई मशीन मी विकलेलं नाही. शेजारीण रोज विचारते, मी रोज उद्यावर ढकलते.

तुझं काम मला तुझ्या बाबांनीच समजावलं होतं, त्यांच्या शिंप्याच्या भाषेत. कॅन्सरच्या गाठीभोवती कोलॅजेनचं, म्हणजे चिवट धाग्यांचं, अस्तर इतकं दाट असतं की औषध आत शिरत नाही. आपली पोर आधी ते एन्झाइमनं उसवते, मग औषध आत सोडते आणि वरून लाल उजेड टाकते, की गाठ जळते. गिऱ्हाइकाचं माप घेतानाही हेच सांगायचे. एकदा एक मास्तर म्हणाले, अहो, आधी माझी पँट उसवा, ती घट्ट होतेय.

मग त्यांच्याच अन्ननलिकेत गाठ निघाली. ऑपरेशनला पोट उघडलं आणि तसंच शिवलं. तू सुट्टी काढून आलीस, तेव्हा खाटेवरून त्यांनी तुला विचारलं, माझ्यावर करून बघतेस का? तू म्हणालीस, बाबा, अजून फक्त उंदरांवर झालंय, माणसावर परवानगी नाही. ते म्हणाले, मग मी उंदीर आहे असं लिही, जन्मभर बिळात बसूनच शिवलंय. आपण तिघंही हसलो. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तू मात्र स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिलीस. मी भांडी घासत राहिले. तुझ्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. हात खरकटे होते, एवढंच कारण.

ते गेल्यावर तू एकच वाक्य बोललीस, औषध माझ्या फ्रीजमध्ये होतं, आई. त्यानंतर वर्षभर फोनवर जेवलीस का, झोपलीस का, याच्या पुढे आपण गेलो नाही. तू काम का सोडतेयस ते मला कुणी सांगायची गरज नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, गाठीचा तुकडा संशोधनाला द्याल का? जाणार होता तो तुमच्याच प्रयोगशाळेत. यांनी लगेच सही केली. मला म्हणाले, ठमीला सांगायचं नाही, तिचा हात थरथरेल. तुकड्यांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि तो घरच्यांना कळायचा नसतो, हे मी पुढे वाचलं. पण घाईत नर्सनं एक चिकटपट्टी आमच्या कागदावरही लावली होती. सतरा.

तुझ्या निबंधातल्या तक्त्यात तेवीस तुकडे आहेत. एकोणीस उसवले. सतरासमोर तू लिहिलंयस, प्रतिसाद नाही, औषध आत पोचलं नाही, कारण अज्ञात. ते तुझे बाबा आहेत, बाळा. तू नियम मोडून औषध आणलं असतंस, तरी ते गेलेच असते. बाटलीतला तुकडा म्हणजे माणूस नव्हे, असं तू म्हणशील. तेही खरं असेल. आणि तुझी सगळी मेहनत नेमकी त्यांच्यापाशीच हरली, हेही यातच आलं. तुला मोकळं करतेय की आणखी एक ओझं देतेय, मला कळत नाही. काम सोड किंवा धर, मी काही म्हणणार नाही. फक्त शुक्रवारी तो कागद पुढे येईल, तेव्हा तू नाही म्हणालीस म्हणून बाबा गेले, असं मनात धरून सही करू नकोस.

तुझीच,
आई