ही वर, मी खाली

९ फेब्रुवारी, सोमवार

घर्रर्र — घर्रर्र — घर्रर्र. शाळेच्या पत्र्यावरून गेलेलं ते पहिलं हेलिकॉप्टर. चौथीचा वर्ग, कवितेचा तास. आम्ही सगळे एका चालीत ओरडत होतो आणि अर्ध्या ओळीवरच वर्ग गप्प झाला. पुस्तकं बाकावर टाकून पटांगणात धावलो — तर आमच्या पुढे, चष्मा सावरत, गुरुजी! म्हणाले, बघून घ्या रे, उरलेली कविता उद्या. ती उद्या झाली की नाही, आठवत नाही. आवाज मात्र कानातून गेलेला नाही.

आज खिडकीतून तोच आवाज आला. बेटावरचा दुसरा दिवस. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलांनी हे सगळं दिलं — समुद्राकडची खोली, आयता नाश्ता, आणि उद्या हेलिकॉप्टरमधून बेटाची फेरी. हिला म्हणालो, चौथीपासून वाट बघतोय. ही माझ्या गोळ्या काढत होती. म्हणाली, मग आणखी एक रात्र बघा.

हॉटेलातल्या मुलीने दोघांची वजनं विचारली. माझं मी सांगितलं. म्हणजे — निवृत्त झालो तेव्हाचं. त्यानंतर कोणी विचारलंच नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

राहिलो खाली!

वर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर उभं करतात, चपला-पिशव्यांसकट. आमच्याबरोबर एक नवं जोडपं होतं. दोघं एकमेकांचे आकडे बघून खिदळत होती. माझा आकडा आला तेव्हा कोणी हसलं नाही. काट्यावरच्या माणसाने आकडा पाहिला, मग माझं पोट पाहिलं. फार अदबीने म्हणाला की कळवलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त भरतंय, यंत्राला झेपणार नाही, कोणा एकाला थांबावं लागेल. जोडप्याने एकमेकांचे हात घट्ट धरले. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी.

मी हिला म्हणालो, "तू जा."

अशा वेळी बायकोने काय म्हणायचं असतं? तुमच्याशिवाय मला नको. मग मी म्हणायचं, अगं जा. मग हिने म्हणायचं, मुळीच नाही, तुम्हीच जा. इतक्या वर्षांत शेवटच्या लाडवापासून खिडकीच्या जागेपर्यंत हे असंच चालत आलेलं आहे! मी निर्धास्त होतो.

ही माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, "बरं."

बरं! आणि गेली.

वैमानिक पन्नाशीचा. केस पिकलेले, पण एकूण एक जागेवर. पोट नाही. वजनाच्या हिशोबाने जागा देतात म्हणे. हिच्या वाट्याला पुढची आली, त्याच्या शेजारची. त्याने हिचा पट्टा बांधला. कानांवर ते मोठे हेडफोन बसवले, अंबाड्याला धक्का न लावता. मी साधा माळेचा फासा लावायला गेलो तरी हिचे चार केस उपटतो.

उडाले. मी टोपी हलवली. हिने खाली पाहिलंसुद्धा नाही. आणि उतरली तेव्हा हिच्या मुठीत त्याची बाही! पाय जमिनीला टेकले तरी सोडेना.

जेवताना विचारलं, कसं होतं? तर सुरूच झाली. तो म्हणाला, डाव्या हाताच्या दरीत दोन टप्प्यांचा धबधबा आहे. तो म्हणाला, पाणी कडेला हिरवं आहे, आत निळं, मधे फेसाची रेघ. तो म्हणाला, झाडांच्या शेंड्यांवरून आपली सावली धावते आहे. समुद्राला "बरंच पाणी आहे" म्हणणारी बाई ही! मी कविता म्हणायला लागलो की कुकरच्या शिट्ट्या मोजायची.

मी म्हणालो, "तो काय म्हणाला ते कळलं. तुला काय दिसलं?"

ही म्हणाली, "तेच की."

आणि पपईची एक फोड माझ्या ताटात सरकवली.

११ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

'वैमानिक'ला यमक सुचलं — 'क्षणिक'. बरं वाटलं.

बुधवार, दुपार

ही म्हणाली, पाय मोकळे करून येते, तुम्ही जरा पडा. मी पडलो नाही. गॅलरीतून ते उड्डाणाचं मैदान दिसतं. कुंपणापाशी ही, आणि समोर तो. ही हातवारे करून काहीतरी सांगत होती. मग सरळ आमच्या खोलीकडे बोट केलं! मी पडद्याआड झालो — या वयात. तो हसला. मान डोलावली. कशाला डोलावतोस रे मान?

परत आली ती गुणगुणतच. विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, शिंपले बघत होते. शिंपले! हातात एकही नाही.

मी अबोला धरला. हिच्या लक्षात यायलाच पाव तास गेला.

"तोंड असं का? आंबट काही खाल्लंत?"

म्हटलं, पोटात दुखतंय.

"दुखणारच," म्हणाली, आणि खुशाल हसली.

जळतोय मी. खोटं कशाला लिहू? त्याच्या केसांवर जळतोय, त्या बाहीवर जळतोय. पण सगळ्यांत जास्त हिच्यावर. ज्या आभाळाकडे मी शाळेच्या पटांगणातून बघत आलो, तिथे ही जाऊन आली, आणि माझ्यासाठी स्वतःचा म्हणून एक शब्द आणला नाही. सगळे त्याचेच!

आता मुलांचा फोन आला तर ही बोलेल. मी बोलणार नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितोय. ही नाश्त्याला खाली गेलेली. दार वाजलं. उघडलं तर — वैमानिक! आत ये म्हटलं नाही. चौकट अडवून विचारलं, काय हवंय?

म्हणाला, तुम्ही. आजच्या फेरीतली माणसं बारीक आहेत, एक जागा होतेय. काकू काल येऊन ठरवून गेल्या, वजनही खरं सांगून गेल्या. त्या मात्र उडणार नाहीत, खाली थांबल्यात.

म्हटलं, का? तिला तर फार आवडलं म्हणे. परवापासून तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही.

तो गोंधळला. मग जे बोलला ते ऐकून, चष्मा शोधतो असं सांगून मी आत आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे. तो दारात उभा आहे.

"काका, काकूंनी डोळे उघडलेच नाहीत. वर गेल्यापासून उतरेपर्यंत घट्ट मिटलेले. मी म्हटलं, घाबरू नका, लगेच परत फिरतो. तर म्हणाल्या, फिरू नकोस. काय काय दिसतंय ते सगळं मोठ्याने सांगत राहा, मला ह्यांना जाऊन सांगायचंय."