आतला लेप

आईच्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी हाय. फोन केला असता, पण उसाच्या फडात सगळी टोळी कान लावून बसते. म्हणून ही चिठ्ठी. धाकट्या वर्षाराणीकडून वाचून घे.

पोटाचं दुखणं पुन्हा उठलं, तेच, जेवलं की जळणारं. ह्यांनी शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून बघितलं. म्हणल्या, जठरात जंतू हायेत, लई वर्षांचे. चुलीवर चढवायच्या आधी आपण पातेल्याला मातीचा लेप देतो, तसा पोटाला आतून चिकट लेप असतो. जंतूंनी तो पोखरला. आता पोटातलं आम्ल पोटालाच जाळतंय. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, बस.

मी विचारलं, मग तीन वर्षांमागं ह्याच दुखण्यावर माझी गर्भपिशवी कशापायी काढली?

तवा तूच म्हणली होतीस, काढून टाक, पाळीचे खाडेबी पडायचे न्हाईत, मुकादम खूश. मी सव्वीस वर्षांची होते. तुला बोल लावत न्हाई. विसरतबी न्हाई.

अण्णांचा खोकला थांबला का? शेळी व्याली का?

वर्षा, आता हे तुझ्यासाठी, पण मोठ्यानंच वाच. तुझंबी पोट जेवल्यावर जळतं, आणि आईनं तुझी पिशवी काढायला संक्रांतीनंतरची तारीख घेतलीय, हे मला कळलंय. जाऊ नको. आधी जठर तपासून घे. जंतू गोळ्यांनी मरतात.

वाचून झालं की आईकडं बघ. ती काय म्हणती ते मला कळव.

तुझी ताई,
सत्यशीला