यादी वाचेपर्यंत थांबा

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. अमरावती

नळ सहाला यायचा. आधी टाकी भरायची, मग अंगण झाडायचं, मग कणीक मळून झाकून ठेवायची आणि हात पुसून यांच्या टेबलाजवळच्या दुसऱ्या खुर्चीत बसायचं. गुरुवारी हे एक काम जास्त. हे म्हणायचे, 'यादी वाचून घे वं जरा.' त्रेचाळीस वाचनालयांतून त्या आठवड्यात आलेल्या पुस्तकांची यादी. मी वाचायची, चुका दुरुस्त करायची, खाली 'वाचलं'चं बटण दाबायची. मग पोळ्या.

मला वाटायचं, घरात मूलबाळ नाही, बाई एकटी पडते, म्हणून गुंतवून ठेवायला दिलेलं काम आहे. दहावी नापास बाईला दुसरं काय देणार!

चौदा महिने झाले त्यांना जाऊन. गुरुवार एकही मोडला नाही. आजही वाचली.

जुना संगणक आज दोनदा आपोआप बंद पडला. आतून जळकट वास येतो.

७ नोव्हेंबर

हिवरखेडहून नत्थुजींचा फोन. वाचनालय संघाचे सचिव. तीस तारखेच्या बैठकीत नव्या संगणकावर यांचा वाचनालयांचा प्रोग्राम तयार करून दाखवा, नाहीतर संघ नागपूरच्या कंपनीचा घेणार. 'माह्या मनात नाही बाई, पन लोक आयकून नाही राह्यले.'

त्या कंपनीचा प्रोग्राम आमची यादी घेत नाही. एकोणीस वर्षांची यादी! यांचा चष्मा आणि ही यादी — एवढंच तर आहे माझ्याजवळ.

९ नोव्हेंबर

नईमा अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली. यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिथल्या कॉलेजात शिकवते. मला भाभी म्हणते. यांच्या खुर्चीत बसली नाही. स्टूल ओढून घेतलं.

दिवसभर समजून घेतलं ते लिहून ठेवते. प्रोग्रामचे शेकडो तुकडे असतात. ते आणि त्या आठवड्याची यादी जोडून वाचनालयांत टाकायला दर गुरुवारी शेवटची फाईल बनते, त्याला बिल्ड म्हणतात. आधी काय, नंतर काय, हे सांगणारी एक स्क्रिप्ट असते. यांनी ती २००६ साली अँट नावाच्या साधनात लिहिली. चौदाशे ओळी. त्यात सगळीकडे याच संगणकाचे पत्ते. दुसऱ्या संगणकावर ती दोन पावलंही चालत नाही. नईमा म्हणते, ग्रेडल नावाच्या नव्या साधनात पुन्हा लिहू.

'सरनं सगळं इथंच बांधून ठेवलं, भाभी. घर बांधलं अन् दार आतून लावून घेतलं.'

मी चहा ठेवला.

१२ नोव्हेंबर

नईमा फोनवर सांगते, मी टाइप करते. तीनशे ओळी झाल्या. शब्दकोश मांडीवर. एक चुकते, दोन सुधारते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यादी जुन्यावरच वाचली. 'वाचलं' दाबलं आणि संगणक बंद पडला. अर्ध्या तासाने सुरू झाला. किती दिवस?

१६ नोव्हेंबर

नईमा फोनवर. सातशेव्या ओळीपाशी एक गाठ. तिथे स्क्रिप्ट काहीच करत नाही, नुसती थांबते. s.ok नावाची फाईल येईपर्यंत थांब, एवढंच लिहिलं आहे. ती फाईल कोण ठेवतं ते स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही. तिथे नुसतंच थांबणं नईमाला खटकलं. मी म्हटलं, संगणक जुना, दमत असेल, त्याला श्वास घ्यायला ठेवलं असेल यांनी. दोघी हसलो.

ती ओळ काढली. मीच म्हटलं, काढ.

१९ नोव्हेंबर

झालं! नव्या संगणकावर बिल्ड पूर्ण. सगळ्या तपासण्या हिरव्या. जुन्याला अकरा मिनिटं लागायची, याला दीड. देवाजवळ साखर ठेवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

या वेळच्या याद्या थेट नव्यावर आल्या. नव्यावर 'वाचलं'चं बटणच नाही. यादी आपोआप आत गेली. फाईल नत्थुजींना पाठवली. पोळ्या साडेसातलाच झाल्या. मग काय करावं सुचेना.

२२ नोव्हेंबर

नत्थुजी: 'बाई, रिद्धपूरच्या वाचनालयानं एकसष्ट पोथ्या पाठवल्या होत्या म्हने. इथं एकच दिसून राह्यली. बाकीच्या साठ कोनं नेल्या?'

रिद्धपूरला रागिणीला फोन केला. ती तिथलं वाचनालय सांभाळते. हस्तलिखितांवर नाव नसतं, म्हणून ती प्रत्येकीपुढे नुसतं 'पोथी' लिहिते. कोणती कोणती हे तिला पोथी बांधलेल्या रुमालावरून समजतं — तांबडा, हिरवा, ठिगळाचा. दर वेळी मीच फोन करून विचारते आणि नावापुढे रुमाल लिहिते. नाहीतर प्रोग्राम एकाच नावाच्या सगळ्या एकात घालतो.

ती म्हणाली, 'काकू, या बारीनं तुमचा फोनच नाही आला. मले वाटलं, आता तुमाले सारे रुमाल पाठ झाले.'

२३ नोव्हेंबर

जुना संगणक चौथ्या प्रयत्नात सुरू झाला. s.ok केव्हा केव्हा आली त्याची नोंद तो ठेवत होता. उघडली.

गुरुवार, सकाळी ७:४०. गुरुवार, ७:३५. गुरुवार, ७:४२. एक ८:२० — त्या दिवशी नळ उशिरा आला असेल. पानामागून पान गुरुवार. हे दवाखान्यात होते ते दोन गुरुवार कोरे. त्या दोन आठवड्यांत बिल्ड झालंच नाही. तिथेच थांबून होतं.

ती फाईल माझं बटण ठेवत होतं.

गुंतवून ठेवायला नव्हतं ते. मी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं यांनी लिहून ठेवलं होतं. तोंडाने कधी म्हणाले नाहीत. आणि मी म्हटलं, काढ!

आज पोळ्या केल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर

नईमाला सांगितलं. म्हणाली, 'भाभी, मीच नीट विचारायले पाहिजे होतं.' थांबायची ओळ परत घातली, बटणही. त्या पायरीला नाव द्यावं लागतं. तिने 'साधना' दिलं. पडद्यावर माझं नाव. मी तीनदा उघडून पाहिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रागिणीला एकसष्ट रुमाल विचारले. दीड तास. ७:४० कसले, साडेनऊ वाजले. 'वाचलं' दाबलं. एकसष्टच्या एकसष्ट आल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

बैठक झाली. सगळ्यांसमोर बिल्ड चालवलं. 'साधना' या पायरीवर थांबलं, मी बटण दाबलं, पुढे गेलं. टाळ्या. नागपूरचा विषय संपला.

चहाच्या वेळी नत्थुजी म्हणाले, 'म्हंजे बाई, तुमी आजारी पडल्या का त्रेचाळीस वाचनालयं बंद?' सगळे हसले. मीही.

परतीच्या रस्त्यात नईमाचं बोलणं आठवत राहिलं. दार आतून लावून घेतलेलं घर. यांच्यावर रागावले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

२ डिसेंबर

काल सकाळी त्या पायरीवरचं माझं नाव काढलं, तिथे 'वाचन' लिहिलं. बटण रागिणीच्या संगणकावरही बसवलं आणि गुरुवारची अर्धी यादी तिला दिली. मग जुना संगणक बंद केला.