रिकाम्या खुर्चीपुढची सुनावणी

प्रिय आई,

मी हेगमध्ये सुखरूप आहे. तू गुलूहून धाडलेलं तिळाचं वाटण पुरवून पुरवून खातेय. तुझा गुडघा कसा आहे?

ओयेतदादाला पळवून नेणारा तो बंडखोरांचा सेनापती अजून फरारीच आहे, तरी कोर्टात त्याच्यावरचे आरोप वाचले. त्याच्या बाजूने वकीलही बोलला. माझ्या शेजारी बसलेली डच बाई पुटपुटली, "आरोपीच नाही, मग ऐकतंय कोण?"

"आम्ही ऐकतोय ना, बाई!" मी म्हटलं.

आरोपांत तथ्य आहे, असं न्यायाधीशांनी आता ठरवलंय. पण पुढचा खटला तो सापडल्यावरच चालेल. त्याला शिक्षा झाल्याशिवाय दादाचे राहिलेले अंत्यविधी करायचे नाहीत, असं तू म्हणतेस. त्या सेनापतीसाठी आता थांबू नकोस, आई. काकांना दिवस ठरवायला सांग. मी येते.

तुझीच,
लामवाका