आकाशातलं ॲल्युमिनियम आणि तू सांगितलेली बँक

आई, तू मला बँकेत का लावलंस? तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डिचोलीला आले की कोणीतरी विचारतंच, कुठल्या शाखेत असतेस म्हणून. माझं एवढं शिक्षण, एवढ्या वर्षांचं आकाशाचं काम, सगळं तुझ्या एका वाक्याने पुसलं गेलं. मला त्याचा आजही संताप येतो.

तो दिवस लख्ख आठवतो. तू मोरीशी बसून काथ्याने ॲल्युमिनियमचा टोप घासते आहेस आणि मी दारात उभी राहून माझं काम समजावते आहे. आकाशगंगेत याच धातूची एक वेगळी जात आहे, आई, ती टिकत नाही. सात-एक लाख वर्षांत निम्मी होते आणि विरताना गॅमा किरण सोडते. आकाशगंगा तर अब्जावधी वर्षांची, म्हणजे जुना साठा केव्हाच संपायला हवा होता. तरी उपग्रहावरच्या यंत्राला ते किरण आजही दिसतात. म्हणजे तारे हा धातू अजून घडवताहेत! तू टोप उपडा घातलास आणि म्हणालीस, "बरें. पूण भायर किरणां-बिरणां सांगूं नाका गो. बँकेंत म्हण." कारण मांद्र्याहून मला पाहायला आलेल्या बाईंनी विचारलं होतं, असल्या कामाने हिला पोरं होतील ना? अगं, ते किरण हवेतून खाली पोचतसुद्धा नाहीत, म्हणून तर यंत्र वर पाठवावं लागतं! शिरगावच्या खाणीची लाल धूळ रोज आपल्या आमटीत पडायची, तिचं कोणाला काही वाटलं नाही. घाबरायचं ते माझ्या कामाला!

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आपली शेजारीण भेटली, तुझ्या जोडीने बाजाराला यायची ती. मिरच्या निवडता निवडता म्हणाली, "कितें गो, आकाशांतल्या धातूचें काम अजून चालू आसा मगो?" तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. "तुझ्या आवयन सांगिल्लें म्हाका. तारे अजून धातू घडयतात, तें माझें चेडूं पळयता, म्हणून. दुसऱ्या कोणाक सांगूं नाका म्हणिल्लें."

म्हणजे तुझी मुलगी आकाशात काय बघते, ते तुला सगळं कळलं होतं. तुला अभिमानही होता, आणि तो तू शेजारणीपाशी ठेवलास. एकदा, एकदाच माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं तुला? बँकेपेक्षा मला हे जास्त लागलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा एक कबूल करते. त्या बाजारात, तिने तोंड उघडण्याआधीच, मी बँकेचं नाव जिभेवर आणून ठेवलं होतं.