नमुन्याच्या घरातील एकुलते एक दार

रा. रा. साडूबुवा यांस,

नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेलच. दुसऱ्यास भलते घर सुचवून स्वतः निवांत झोपणाऱ्या माणसाची प्रकृती बिघडण्याचे काही कारण नाही. आमच्या मेहुणीबाईंचा खोकला थांबला असल्यास आनंद आहे. नसल्यास दोष औषधाचा नसून आपल्या झोपायच्या खोलीतील त्या भिंतीचा आहे, जी कोरड्या दिवसांतही घामेजते आणि जिच्याविषयी आपण गेली चार वर्षे ‘रंग अजून ताजा आहे’ असे सांगत आहात. माझे ठीक चालले आहे. नऊ दिवसांपासून आपल्याकडे मुक्कामास असलेल्या माझ्या पत्नीचा गुडघा कसा आहे, हे मी तिलाच विचारले असते. परंतु फोन उचलून ती आपल्या हाती देते आणि आपण ‘सगळं मजेत’ एवढेच म्हणून ठेवता. मजेत कोण आहे, याचा खुलासा व्हावा.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे, ही गोष्ट आपण माझ्या लग्नात चारचौघांत मोठ्याने सांगितली होती. (मी विसरलो असेन असे आपणास वाटत असल्यास तो गैरसमज आहे.) त्या चौथीत मला फूट आणि इंच पक्के शिकविले गेले, आणि त्यावर मी बेचाळीस वर्षे सुतारकाम केले. मी बसविलेले दार आजवर कधी फुगले नाही, कुरकुरले नाही, की लाथ मारून लावावे लागले नाही. म्हणून घर पाहावयाचे झाल्यास मी आधी दार पाहतो. दारात ज्याने चोरी केली, त्याने भिंतीत केलीच असणार. भिंत बोलत नाही, दार बोलते, एवढाच फरक.

घर पाहण्याची वेळ का आली, हे आपण जाणताच. घरमालकास आमच्या तिसऱ्या मजल्यावरील खोल्या महिनाअखेरीस रिकाम्या हव्या आहेत. हव्या असोत, चौपन्न पायऱ्या आहेत, आणि हिचा गुडघा आता त्या मोजू लागला आहे. प्रत्येक मजल्यावर ती थांबते आणि जिन्याच्या खिडकीतून बाहेर काहीतरी पाहिल्यासारखे करते. बाहेर पाण्याच्या टाक्यांखेरीज काहीही नाही. मीही थांबतो आणि टाक्या पाहतो. तेव्हा लिफ्ट असलेले घर पाहिजे होते, आणि ते या महिन्यात पाहिजे होते. मी अकरा घरे पाहिली व अकराही नाकारली. हिच्या मते ती मी हट्टाने नाकारली. एका घरी दारास कुलूप लावल्यावरही पलीकडचा माणूस फटीतून मला हात दाखवीत होता, त्यास हट्ट म्हणावयाचे असल्यास माझी हरकत नाही.

अशा वेळी आपण ‘माझ्याच बिल्डरकडे जा, डोळे मिटून घ्या, भाव चढतायत’ असा सल्ला दिलात. आम्ही दोघे गेलो, डोळे मात्र मी उघडे ठेवले, हाच माझा गुन्हा.

तेथे एक टाय घातलेला इसम भेटला. (नाव विचारण्याची इच्छा झाली नाही, टायवाला म्हणू.) मी विचारले, भाव कसा ठरविता? तो म्हणाला, “काका, रेट मार्केट ठरवतं.” मी म्हटले, समोरच्या गल्लीत असेच घर तुमच्यापेक्षा पंधरा टक्क्यांनी स्वस्त आहे, ते मार्केट निराळे काय? तर त्याने उत्तर दिले की त्यांच्याकडे ‘व्ह्यू’ नाही. आमच्याकडे वर जावे तसा मजल्यागणिक भाव वाढतो, कारण मजल्यागणिक व्ह्यू वाढतो. मी खिडकीतून पाहिले. समोर मोठा खड्डा होता. तेथे काय होणार, असे विचारता समजले की यांचीच दुसरी इमारत होणार, याहून तीन मजले उंच! म्हणजे जो देखावा हे स्वतः बुजविणार आहेत, त्याचे पैसे आज आपल्याकडून घेणार. रागाने माझी कानशिले तापली. शिवाय ज्या क्षेत्रफळाचे पैसे घेतात त्यात जिना, लिफ्टचा बोळ आणि पहारेकऱ्याची खोली यांचा वाटा धरलेला. मी म्हटले, मग पहारेकऱ्याच्या खोलीतील माझ्या वाट्याच्या पावणेदोन फुटांवर मी कोणत्या वारी उभा राहू ते सांगा. तो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

नंतर नमुन्याचे घर दाखविले. खोल्या ऐसपैस दिसत होत्या. इतक्या की मला संशय आला. खिशातून घडीची फूटपट्टी काढून पलंग मोजला, तर लांबी पाच फूट तीन इंच! खुर्च्या बुटक्या, कपाट जेमतेम एका वितीचे. खोली मोठी दिसावी म्हणून सामान लहान केले होते, साडूबुवा. जगात अशी खुर्ची करणारा सुतार आहे, हे पाहून मला धंद्याची लाज वाटली. खात्रीसाठी मी पलंगावर आडवा झालो. पोटऱ्यांपासून खालचे पाय बाहेर लोंबत होते. त्याच वेळी घर पाहण्यास आलेले दुसरे कुटुंब (नवरा, बायको आणि दोघांच्या आया) आत आले आणि मला तसे पाहून क्षणभर दारातच थबकले.

दारात म्हणजे दाराच्या जागेत. दारे नव्हतीच! जागा अडते म्हणून पल्ले लावलेच नव्हते. संपूर्ण घरात एकच दार होते, न्हाणीघराचे, आणि तेही बाहेर उघडणारे, कारण आत उघडण्याइतकी न्हाणी रुंद नव्हती. मी त्यावर बोटाने वाजविले. खोक्यासारखा आवाज आला. टायवाला म्हणाला, “टॉप क्वालिटी आहे काका, आजन्म टिकेल.” ‘कोणाच्या आजन्म?’ असे मी विचारले, आणि त्या चौघांचे पैसे वाचावेत म्हणून, केवळ परोपकारबुद्धीने, खिशातील पेचकसाने बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून वर काढल्या व पल्ला ओढला. कडी तर नुसत्या हिसक्याने सुटून आली. बहात्तराव्या वर्षी मी तो पल्ला एका हाताने उचलून सर्वांस दाखविला. “पाहा,” मी म्हटले, “आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!”

आत आपल्या मेहुणीबाई होत्या. म्हणजे आमची ही, गुडघ्यास मलम लावीत होती.

आता न्याय आपणच करावा. आत कोणी आहे की नाही हे बाहेरच्यास कळत नाही, त्या कडीस कडी म्हणावे काय? पण हे हिला सांगेपर्यंत ती उठली, पदर सावरला आणि सर्वांसमोर म्हणाली, “घर बघायला आणलंत की माझी वरात काढायला? आता त्या दारांबरोबरच संसार करा.” त्या दोन आयांपैकी एक तिला हात देऊन खाली घेऊन गेली. मी पल्ला धरून उभा होतो. तो टेकविण्यास तेथे एक धड भिंत नव्हती.

असा हा आपला बिल्डर, आणि असा आपला सल्ला. यापुढे मला कोणतेही घर सुचविण्याची तसदी घेऊ नये. आमच्या मेहुणीबाईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
साडू

ता. क. – परवा मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरील घर नोंदविले. यात आपल्या सल्ल्याचा काडीमात्र संबंध नाही. त्या दिवशी, पल्ल्याच्या प्रकरणापूर्वी, ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहून ‘इथं बसून भाजी निवडता येईल’ असे म्हणाली होती. मी एकटा जाऊन तेथे तासभर बसलो. येते निवडता. लिफ्टने चार वेळा वर-खाली केले, अडकली नाही. दारे बसवू नका, मी स्वतः करीन, असे लिहून घेतले आहे. दारे न देण्याबद्दल त्या चोराने एक पैही कमी केली नाही.

दुसरा ता. क. – कागद दोघांच्या नावे आहे, आणि अठरा तारखेस तिची सही लागेल. सही न झाल्यास घर जाईल. आपण तिला घेऊन यावे, ही विनंती. (ही मी आपणास आयुष्यात केलेली पहिली विनंती आहे, चारचौघांत सांगू नये.)

तिसरा ता. क. – ती विचारील की, मी चूक कबूल केली काय. केली, असे तोंडी सांगावे. ती तेवढ्यावर ऐकणार नाही, लेखी मागेल. तेव्हा पुढची ओळ कात्रीने कापून तिच्या हाती द्यावी, आणि कापलेला कागद मला परत करण्याची आवश्यकता नाही.

दार वाजवून, आत कोण आहे असे विचारावयास पाहिजे होते, चुकलो.